चापावरचं बोट

शैलाताईंकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला आधी खोली दाखवलीच नाही. दाराची कडी दाखवली.

"उघड," म्हणाल्या. मी उघडली.

"आता लाव." लावली.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

"छान नाही गं, कसं वाटलं ते सांग. कुठे अडकली? खरखरली?"

मी परत एकदा उघडून लावली. कडी कुठेही अडकत नव्हती. बसल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, फक्त बोटाला कळत होतं की बसली.

"नाही अडकली."

"मग ये आत," म्हणाल्या आणि मला चहा केला. घरामागची ती स्वतंत्र खोली, जिला इथे स्लीपआउट म्हणतात, पुढे साडेचार वर्षं माझं घर झाली. मी हॅमिल्टनला शिकायला आलेली नाशिकची मुलगी. नोकरी वेलिंग्टनला लागली आणि परवडणारी खोली मिळाली ती जवळच्या अप्पर हट गावात. रोज ट्रेननं जायचं, ट्रेननं यायचं. सुरुवातीला शैलाताई म्हणजे माझ्यासाठी फक्त घरमालकीण होत्या. त्या नोकरी करतात हे ठाऊक होतं, पण कसली ते कळायला महिना गेला.

एका शनिवारी भाजी घेऊन परतताना म्हणाल्या, "चल, माझं दुकान दाखवते." मला वाटलं कपड्यांचं असेल. ते निघालं शिकारीच्या सामानाचं. भिंतीवर शिंगं, काचेच्या कपाटात सुरे, आणि काउंटरमागे साखळीनं बांधलेल्या रायफली. त्यांच्या मधून वाट काढत बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, फ्लीसच्या जॅकेटखाली पंजाबी ड्रेस घातलेल्या शैलाताई सरळ मागच्या वर्कशॉपमधे गेल्या आणि स्वतःच्या स्टुलावर बसल्या.

त्या रायफलींचे चाप नीट करायच्या.

काम असं असायचं. बंदुकीचा चाप जड असेल किंवा ओढताना खरखरत असेल, तर बोटाला जोर लावावा लागतो. त्या जोरानं रायफल जराशी हलते, आणि दोनशे मीटरवर गोळी हातभर बाजूला जाते. चापाच्या आत पोलादाचे दोन छोटे तुकडे एकमेकांत अडकलेले असतात. त्यांच्या कडा घासून आरशासारख्या करायच्या, स्प्रिंगचा ताण जुळवायचा आणि सगळं परत बसवायचं. हे ऐकून मी म्हटलं, "एवढंच?" तो शब्द मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी वापरला नाही.

"हलका चाप म्हणजे चांगला चाप नव्हे," त्या म्हणायच्या. "स्वच्छ चाप म्हणजे चांगला चाप. ओढणाऱ्याच्या मनात आलं की सुटायला हवा. मनात नसताना सुटता कामा नये." आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या हे इंग्रजीतून सांगत. त्यांचं इंग्रजी चार-पाच शब्दांच्या वाक्यांचं होतं, पण त्यात अडखळणं नव्हतं.

शैलाताई मूळच्या भोसरीच्या. वडील लेथवर कामाला. आयटीआयमधे फिटरच्या वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या, आणि नंतर वीस वर्षं त्यांनी मोजमापाची गेज बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यात 'थाऊ' म्हणतात. शैलाताईंचं जग थाऊत मोजलेलं होतं. पोळी जाड झाली की "दोन थाऊ जास्त झाली" म्हणत. माझ्या एका मित्राला भेटल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "मुलगा बरा आहे, पण थोडा लूज बसतो." त्या मुलाशी माझं पुढे काही जमलं नाही.

नवरा, विलासराव, इथल्या एका मशिन शॉपमधे कामाला आले म्हणून त्याही आल्या. सहाव्या वर्षी विलासराव हृदयविकारानं गेले. मुलगी तेव्हा ब्रिस्बेनला शिकत होती, नंतर तिथेच राहिली. शैलाताई एका लाँड्रीत कपड्यांच्या बाह्या आखूड करत होत्या. शेजारच्या दुकानाच्या काचेवर एक दिवस कागद लागला: वर्कशॉपसाठी माणूस हवा, कानस चालवता यायला हवी. ह्या आत गेल्या.

पुढचं मला दुकानाच्या मालकानं, ग्रॅहमनं सांगितलं. ग्रॅहम म्हणजे सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. "मला वाटलं, जॅकेटच्या चेनबद्दल आल्या आहेत," तो म्हणाला. "मी नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणायला कारण हवं, म्हणून लोखंडाचे दोन तुकडे दिले आणि म्हटलं, एकात चौकोनी भोक करा, दुसऱ्याचा चौकोन करा, आणि त्या भोकात तो बसवा. मला वाटलं, जातील निघून. त्यांनी विचारलं, निळा रंग आहे का? कुठे टेकतंय ते बघायला फिटर लोक लावतात तो. तीस वर्षांत माझ्याकडे कुणी निळा रंग मागितला नव्हता." दुपारी तीन वाजता त्यांनी चौकोनात चौकोन बसवून काउंटरवर ठेवला. ग्रॅहमनं तो उजेडासमोर धरला. कुठूनही उजेड येत नव्हता. तो तुकडा अजून त्याच्या गल्ल्याशेजारी आहे, कागदावर ठेवायचं वजन म्हणून.

शैलाताई चहा वर्कशॉपमधे पीत नसत, दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून पीत. हात तीनदा धुवायच्या. कडा घासायच्या ऑइलस्टोनच्या बारीक कांड्या विलासरावांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवायच्या. घड्याळजी वापरतात तसलं भिंग काळ्या दोऱ्यात गळ्यात असे. पण भिंगावर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. कड घासून झाली की डोळे मिटून त्या उजव्या हाताची तर्जनी तिच्यावरून अलगद फिरवत. "डोळा फसतो गं. बोट नाही फसत."

मार्च-एप्रिलमधे इथे हरणांच्या नरांचा डरकाळ्यांचा हंगाम येतो. त्याला सगळे 'रोअर' म्हणतात. त्याच्या आधी महिनाभर अर्धं अप्पर हट आपापल्या रायफली घेऊन शैलाताईंच्या दारात. एका वर्षी वेलिंग्टनहून एक गृहस्थ नवी कोरी, महागडी रायफल घेऊन आले. त्यांना चाप अगदी पिसासारखा हलका करून हवा होता. शैलाताईंनी नाही म्हटलं. ते म्हणाले, पैसे देतोय मी. ह्या म्हणाल्या, बसा.

मी त्या शनिवारी तिथेच होते. त्यांनी आतून बर्फाच्या पाण्याचं भांडं आणलं आणि त्या गृहस्थांना उजवा हात त्यात बुडवायला लावला. स्वतः घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. गृहस्थ आधी हसले, मग हसेनासे झाले. हात लालभडक झाल्यावर ग्रॅहमनं नेमबाजीच्या स्पर्धेची, खरोखरच पिसासारख्या चापाची एक रिकामी रायफल त्यांच्या हातात दिली, तोंड विटांच्या भिंतीकडे करून.

"बोट फक्त टेकवा," शैलाताई म्हणाल्या. "ओढू नका."

"टेकवतोय," गृहस्थ म्हणाले. "अजून टेकलं नाही."

खट्‌ असा आवाज आधीच होऊन गेला होता. तो आपल्याच बोटानं झाला हे त्यांना कळलंही नव्हतं.

"डोंगरात सकाळी सहाला तुमचं बोट असं असतं," शैलाताई म्हणाल्या. "आज समोर भिंत होती."

गृहस्थांनी हात पुसला आणि त्या म्हणतील तसा चाप करून घेतला. पुढे ते दर वर्षी येत राहिले.

कृतज्ञ गिऱ्हाइकं सुरुवातीला हरणाच्या मांसाचे सॉसेज आणून देत. शैलाताई जन्माच्या शाकाहारी. त्या पुडकी हसून घेत आणि शेजाऱ्यांना वाटून टाकत. ही गोष्ट हळूहळू फुटली, आणि मग वर्कशॉपच्या पायरीवर लिंबं, पालकासारख्या सिल्व्हरबीटच्या जुड्या आणि पिशव्या भरभरून फिजोआ, म्हणजे पेरूसारखी आंबटगोड फळं, येऊ लागली. फिजोआची त्या चटणी करत. खोबरं आणि मिरची घालून. ती चटणी टामा नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी सॉसेजबरोबर खाल्ली जायची हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांची त्याला हरकत नव्हती.

टामा म्हणजे कुंपणं घालण्याचं काम करणारा एक आडवातिडवा माओरी माणूस, त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तो त्यांना 'फाएआ शैला' म्हणे. माओरीत आई-मावशीच्या वयाच्या बाईला मानानं असं म्हणतात. त्या त्याला "अरे टामा" म्हणत, आणि तो 'अरे' हा आपल्या नावाचाच भाग समजून "येस, अरे टामा हिअर" असा फोन करायचा.

एकदा गणपतीला, मंडळाच्या जेवणात, एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, तुम्ही अंडंसुद्धा खात नाही, आणि हरणं मारायच्या बंदुका तयार करता?" काही जण हसले. मला वाटलं शैलाताई ताडकन काहीतरी बोलतील. त्यांनी हातातला मोदक ताटात ठेवला.

"मारणारा मारणारच आहे," म्हणाल्या. "चाप वाईट असला तर गोळी पोटात बसते, आणि ते जनावर दोन-दोन दिवस रखडत मरतं. टामानं सांगितलंय मला ते कसं असतं. मारणाऱ्याचा हात हलू नये, एवढं माझ्याकडे आहे. तेवढं बरोबर की चूक, ते मला अजून माहीत नाही." मग काकांनाच म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" काका वरण वाढायला उठले.

माझ्या तिसऱ्या वर्षी शैलाताईंना कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया, मग केमो. मुलगी ब्रिस्बेनहून महिनाभर आली, बाकीचं आम्ही सांभाळलं. मी, ग्रॅहमची बायको, आणि टामा, जो न सांगता येऊन गवत कापून जायचा. शैलाताई बऱ्या झाल्या. केस परत आले, तेही कुरळे, त्याचं त्यांना फार नवल. जानेवारीत त्या परत स्टुलावर जाऊन बसल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, संवेदना वर्षभरात परत येईल, किंवा नाहीही येणार. शैलाताईंनी ठरवलं की येत आहे. चाप ओढायला लागणारा जोर काट्यावर बरोबर दिसायचा, रबरी हातोड्याचे ठोके मारून बघितले तरी चाप आपोआप सुटायचा नाही, भिंगातून कड स्वच्छ दिसायची. मग काय बिघडलं?

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी मी त्यांना न्यायला गेले. त्या कामाच्या टेबलापाशी उभ्या होत्या. पुढ्यातल्या पांढऱ्या फडक्यावर रक्ताचे ठिपके होते.

"शैलाताई, काय लागलं?"

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या. त्यांनी हात उलटा केला. तर्जनीच्या टोकाला चांगली खोल चीर होती. "कडेवरून बोट फिरवलं मी. मला वाटलं, छान झालीय. कापलं ते कळलंच नाही."

मी पट्टी आणायला वळले. त्या खाली बसल्या आणि भिंतीवरची कामाची वही काढली. केमोनंतर त्यांनी अकरा रायफली केल्या होत्या. अकराही नावं त्यांनी एका कागदावर उतरवली, डाव्या हातानं, कारण उजव्याचं रक्त थांबत नव्हतं.

ग्रॅहमला हे पटेना. "सगळ्या काट्यावर पास झाल्यात, शैला."

"पास मी केल्या," त्या म्हणाल्या. "आता मीच नापास आहे."

"रोअर तोंडावर आलाय. लोक आत्ता रायफल परत देणार नाहीत. दुकानाबद्दल काय बोलतील?"

"दुकानाबद्दल नाही बोलणार. माझ्याबद्दल बोलतील. फोन मी करणार."

आणि त्यांनी केले. मी शेजारी बसून ऐकत होते. प्रत्येकाला तेच चार वाक्यांत: मी शैला. तुमचा चाप मी केला. माझं बोट आजारी होतं, मी सांगितलं नाही. कृपा करून रायफल वापरू नका, आणून द्या. काही जण हळहळले, काही वैतागले. एकानं फोनच ठेवला; त्याला त्यांनी परत लावला. जे आणून देऊ शकत नव्हते त्यांच्याकडे ग्रॅहम स्वतः गाडी घेऊन गेला. मास्टरटनहून एक जुना कारागीर आला आणि त्यानं तीन दिवसांत एकेक चाप उघडून तपासला. शैलाताई शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

दहा चांगल्या निघाल्या. अकराव्या रायफलीच्या दस्त्यावर त्यानं रबरी हातोड्यानं हलकेच ठोका मारला, आणि चापाला कुणी हात न लावता ती खट्‌ करून सुटली. आतली एक कड किंचित गोल होती. दुकानातून गेली तेव्हा ती ठोक्यांना टिकली होती; महिनाभराच्या वापरात आणखी झिजली.

ती टामाची होती.

"फोनवर नको," शैलाताई मला म्हणाल्या. "मला घेऊन चल."

टामा ओसरीवर बूट घासत बसला होता. अंगणात त्याचा मेहुणा लाकडं फोडत होता. शैलाताई पायऱ्या चढल्या नाहीत. खाली उभ्या राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. टामानं बूट खाली ठेवला.

"म्हणजे ती नुसती आपटली असती तरी सुटली असती?"

"हो."

"मी दोनदा डोंगरात गेलो ती घेऊन. दोन्ही वेळा हा माझ्या पुढे चालत होता." त्यानं मेहुण्याकडे बोट दाखवलं. मेहुण्यानं काही ऐकलं नव्हतं. तो लाकडं फोडतच होता.

"हो," शैलाताई म्हणाल्या. "म्हणून आले."

"तुमची बोटं बधिर आहेत हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

टामा उभा राहिला. मला वाटलं, ओरडणार. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"घरी जा, शैला," तो म्हणाला आणि आत गेला. जाळीचं दार मागे आपटलं.

घरी आल्यावर शैलाताईंनी गळ्यातलं भिंग काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी ग्रॅहमकडे पाठवून दिली. त्या दिवसानंतर त्या कामाला बसल्या नाहीत. सकाळी उठून आवरायच्या आणि खिडकीत बसायच्या. मी म्हणायचे, अहो, कुणाला काही झालं नाही ना? त्यावर त्या फक्त म्हणायच्या, "नाही झालं, ते माझ्यामुळे नाही." आणि ते खरं होतं.

नवव्या दिवशी बाहेर गवत कापायच्या मशिनचा आवाज आला. शैलाताईंनी पडदा जरासा सरकवून बघितलं. टामानं पुढचं गवत कापलं, मागचं कापलं, कडा नीट केल्या. मग दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"खूप राग आला होता," तो म्हणाला. "अजून आहे थोडा."

"असू दे," शैलाताई म्हणाल्या.

"माझ्या मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, दुसऱ्या कुणी सांगितलंच नसतं, आणि मी मेलो असतो तर तुम्ही सगळ्यांनी माझ्या नशिबाला बोल लावला असता." त्यानं दारातच बूट काढले. "चहा आहे का, फाएआ?"

शैलाताई चहा करायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, तेव्हा मी जाऊन चहा गाळला.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, आजार उलटला. ह्या वेळी डॉक्टरांनी फार काही सुचवलं नाही. मुलीनं ब्रिस्बेनला न्यायचं ठरवलं आणि शैलाताईंनी हो म्हटलं. घर विकायला निघालं, मी दुसरी खोली शोधली. एप्रिल होता, रोअर चालू होता. टामा निरोप घ्यायला आला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं हंगामाच्या आधी चाप करून देणाऱ्या बाईनं हरणाची डरकाळी एकदाही ऐकलेली नाही. डोंगरातच कधी गेल्या नव्हत्या त्या.

"फार चालावं लागेल का रे?" त्यांनी विचारलं.

"पूल ओलांडून वीस मिनिटं. तुम्हाला चाळीस. स्वीट ॲज, काही अवघड नाही."

रविवारी पहाटे मी त्यांना कायटोकेच्या पुढे, रस्ता संपतो तिथपर्यंत सोडलं. परत टामा आणणार होता, कारण माझं त्याच दुपारी नाशिकला जायचं विमान होतं. आईचं ऑपरेशन होतं. मी परत येईपर्यंत मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली होती. ब्रिस्बेनला त्या पाच महिने होत्या. फोनवर बोलायचो. डरकाळी कशी होती असं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ते ओरडत नाही, ते मागतंय असं वाटतं." त्यांना भेटायला जायचं तिकीट मी काढलं होतं. चार दिवस उशीर झाला.

त्या रविवारी सकाळी नुकतं उजाडत होतं. गवतावर दंव गोठलं होतं. नदीवर तारांचा झुलता पूल होता, एका वेळी एकानंच जायचं अशी पाटी लावलेला. टामानं रायफल आणली नव्हती. तो आधी पलीकडे गेला आणि वळून उभा राहिला. मग शैलाताई निघाल्या, माझी लोकरीची टोपी आणि टामाच्या बायकोचे मोठे बूट घालून. मध्यावर गेल्यावर पूल हलायला लागला. त्या थांबल्या. दोन्ही हातांनी तारा धरल्या होत्या. त्या बोटांना त्यांचा गारठा कळत होता की नाही कोण जाणे. टामानं हाक मारली नाही की हात पुढे केला नाही. खिशात हात घालून तो नुसता उभा राहिला, पूल शांत होईपर्यंत.

पूल शांत झाला. त्या पलीकडे पोचल्या. झाडांत शिरायच्या आधी त्या माझ्याकडे वळल्या आणि हातानं खूण केली, जा आता, विमान चुकेल. मी हात हलवला. मी अजून उभीच आहे हे बघून त्यांनी पुन्हा तीच खूण केली, जरा रागानं, आणि टामाच्या मागोमाग निघाल्या.